अर्ध्यावरून उचललेला कोश : लुडोवित्सीविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कोशांच्या संपादकांविषयी लिहिताना मी कार्ल ग्युंटर लुडोवित्सी या जर्मन प्राध्यापकाचे नाव दोनच ओळींत घेतले होते. अठराव्या शतकात लाइपझिगमध्ये 64 खंडांचा एक कोश त्याने शेवटास नेला, एवढेच म्हटले होते. त्या दोन ओळींवर आलेली पत्रे इतर सगळ्या मजकुरावरच्या पत्रांपेक्षा जास्त भरली. म्हणून या वेळचे सदर त्याच्यासाठीच ठेवले आहे. माझे नोकरीतले आयुष्य कोशाच्या कचेरीत नोंदी तपासण्यात गेले, त्यामुळे या माणसाबद्दल मला तटस्थपणे लिहिता येणार नाही, हे वाचकांनी आधीच गृहीत धरावे.

प्रश्न : मी शोधले तिथे सगळीकडे या कोशाला ‘त्सेडलर’ म्हणतात. लुडोवित्सीचे नाव कुठेतरी तळटिपेत सापडते. मग हा कोश नेमका कोणाचा? (एक विद्यार्थिनी, पुणे)

कोश दोघांचाही आहे. त्सेडलरने तो जन्माला घातला आणि लुडोवित्सीने वाढवून पुरा केला.

योहान हाइनरिख त्सेडलर हा ब्रेस्लाऊचा, म्हणजे आज पोलंडमध्ये असलेल्या व्रोत्सवाफचा. जन्म 1706चा, वडील चांभारकाम करणारे. विद्यापीठाचे शिक्षण नाही. पुस्तकविक्रेत्याकडे उमेदवारी करून तो धंदा शिकला, फ्राइबेर्ग नावाच्या लहान गावात दुकान काढले, आणि 1727 साली लाइपझिगला आला. ल्यूथरच्या समग्र ग्रंथांची मोठी आवृत्ती हाती घेऊन त्याने नाव केले. मग 1730 साली त्याने जाहीर केले की जगातल्या सगळ्या शास्त्रांचा, कलांचा, देशांचा, माणसांचा मिळून एकच कोश काढणार. तेव्हा त्याचे वय होते चोवीस. तोवर इतिहासाचा कोश वेगळा, तत्त्वज्ञानाचा वेगळा, घरगुती व्यवहाराचा वेगळा अशी पद्धत होती. हे सगळे अकारविल्हे एकाच ठिकाणी आणायचे आणि तेही लॅटिनमध्ये नाही, जर्मनमध्ये, ही त्याची कल्पना. अंदाज होता बारा खंडांचा.

पहिला खंड निघाला तो 1732 सालाची तारीख घेऊन. पहिले दोन खंड याकोब आउगुस्ट फ्रांकनश्टाइन याने पाहिले, तो 1733 मध्ये वारला. पुढचे, तिसऱ्यापासून अठराव्यापर्यंतचे, पाउल डानिएल लोंगोलियुसने. लोंगोलियुस मधल्या काळात होफ या गावी शाळेचा मुख्याध्यापक होऊन गेला. अठरावा खंड झाला तेव्हा बारा खंडांचा हिशेब केव्हाच मागे पडला होता आणि अजून ‘एल’ हे अक्षरच संपत होते.

इथे लुडोवित्सी येतो. एकोणिसावा खंड, साल 1739, अक्षर ‘एम’. तेव्हापासून 1750 साली निघालेल्या चौसष्टाव्या खंडापर्यंत आणि नंतरच्या चार पुरवणी खंडांनाही संपादक तोच. म्हणजे सत्तर टक्क्यांहून जास्त कोश त्याच्या हाताखालून गेला आहे. तरी ओळख प्रकाशकाच्या नावाने राहिली. पैसा त्सेडलरचा, धाडस त्सेडलरचे, त्यामुळे त्याचे नाव राहिले याचे मला दुःख नाही. पण लुडोवित्सीचे नाव त्याच्या बरोबरीने घ्यावे, तळटिपेत ढकलू नये, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : लुडोवित्सी मुळात होता कोण? कोशात पडण्याआधी काय करत होता? (एक निवृत्त शिक्षक, कऱ्हाड)

लाइपझिगचाच. जन्म 7 ऑगस्ट 1707, मृत्यू 5 जुलै 1778, दोन्ही त्याच गावी. वडील क्रिस्टियान लुडोवित्सी हेही लाइपझिग विद्यापीठात शिकवीत, म्हणजे पुस्तकांच्या घरातला मुलगा. तिशीच्या आत तो त्याच विद्यापीठात तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक झाला.

नाव झाले ते एका वेगळ्याच कामामुळे. त्या काळी जर्मनीत सगळ्यात गाजलेला आणि सगळ्यात भांडणाचा विषय झालेला तत्त्वज्ञ म्हणजे क्रिस्टियान वोल्फ. हा हाले विद्यापीठात शिकवीत असे. 1721 साली त्याने एका भाषणात सांगितले की कन्फ्यूशियससारखे चिनी विचारवंत ख्रिस्ती धर्मग्रंथाशिवाय, नुसत्या बुद्धीच्या बळावर, नीतीपर्यंत पोहोचले. हालेतल्या धर्मनिष्ठ मंडळींना हे सहन झाले नाही. तक्रारी बर्लिनला प्रशियाच्या राजाकडे, पहिल्या फ्रीड्रिख विल्हेल्मकडे गेल्या. नोव्हेंबर 1723 मध्ये हुकूम निघाला : अठ्ठेचाळीस तासांत राज्य सोडा, नाहीतर फाशी. वोल्फ मारबुर्गला गेला, तिथल्या विद्यापीठाने त्याला आसरा दिला, आणि पुढची कितीतरी वर्षे त्याच्या बाजूने आणि विरुद्ध पुस्तिकांचा पाऊस पडत राहिला.

हा पाऊस पडत असताना एक तरुण माणूस प्रत्येक पुस्तिका गोळा करत बसला होता. कोणी काय लिहिले, कुठे छापले, त्याला उत्तर कोणी दिले, उत्तराला प्रत्युत्तर कोणाचे. 1735 ते 1738 या काळात लुडोवित्सीने वोल्फच्या तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचे खंड काढले. वोल्फच्या बाजूने लिहिणारी शंभराहून अधिक नावे त्याने मांडली, विरोधकांचीही मांडली. 1737 साली लायब्निट्सच्या तत्त्वज्ञानाचाही असाच इतिहास दोन भागांत छापला. ज्या माणसाला विचारापेक्षा विचाराभोवतीच्या कागदपत्रांची भूक जास्त असते, तो कोशाच्या कामासाठीच जन्माला आलेला असतो. कोशाची सूत्रे त्याच्याकडे आली ती बहुधा याच गुणामुळे, असा माझा तर्क आहे. तेव्हा तो एकतीस-बत्तीस वर्षांचा होता.

प्रश्न : मी छापखान्यात आयुष्य काढले. खिळे जुळवून चौसष्ट जाड खंड काढणे म्हणजे काय, याची मला कल्पना आहे. हे काम चालत कसे होते? (एक वाचक, रत्नागिरी)

तुमच्या पत्राने मला फार आनंद झाला, कारण हा प्रश्न विद्वान मंडळी विचारत नाहीत.

खंड मोठ्या आकाराचे, फोलिओ. प्रत्येक पान दोन स्तंभांत. क्रमांक पानाला नाही, स्तंभाला, म्हणून आजही या कोशाचा संदर्भ देताना ‘खंड अमुक, स्तंभ तमुक’ असाच देतात. एका खंडात सरासरी हजाराच्या आसपास पाने. सगळ्या कोशात सुमारे 2 लाख 84 हजार नोंदी, आणि पाने साठ हजारांच्या वर. तुलनेसाठी सांगते : दिदरोचा प्रसिद्ध फ्रेंच विश्वकोश, ज्याचा पहिला खंड 1751 साली निघाला, त्याच्या मजकुराचे खंड सतरा आणि नोंदी सत्तर हजारांच्या थोड्या वर.

आता लुडोवित्सीपुरता हिशेब मांडू. 1739 ते 1750 या बारा वर्षांत शेहेचाळीस खंड, म्हणजे वर्षाला जवळपास चार. पाने धरली तर रविवार, सण, आजारपण काहीही न वगळता रोज दहा फोलिओ पाने, म्हणजे वीस स्तंभ. हा मजकूर नुसता छापायचा नव्हता. तो लिहून घ्यायचा, वाचायचा, इतर नोंदींशी ताडून पाहायचा, ‘पाहा’ लिहून जिकडे वाचकाला पाठवले ती नोंद खरेच आहे ना याची खात्री करायची, मग जुळारी, मग प्रुफे. आमच्याकडे एक फर्मा हातावेगळा व्हायला किती दिवस लागत, हे मला ठाऊक आहे. रोज वीस स्तंभ हा आकडा मी प्रथम मांडला तेव्हा पुन्हा एकदा मांडून पाहिला, इतका तो अंगावर आला.

वेळापत्रक ठरवत असे जत्रा. लाइपझिगला वसंतात ईस्टरच्या सुमारास आणि शरदात मोठ्या व्यापारी जत्रा भरत, आणि तिथेच सगळ्या जर्मनीचे पुस्तकविक्रेते जमत. जत्रा चुकली की खंड गोदामात पडून राही. वर्गणीदारांनी पैसे आगाऊ भरलेले असत, पुढचा खंड आला नाही तर पुढची वर्गणी येत नाही, वर्गणी आली नाही तर कागदवाल्याचे पैसे देता येत नाहीत. या चक्रात त्सेडलर अडकलाच. 1735 साली त्याने न खपलेल्या पुस्तकांची सोडत काढली : तिकीट घ्या, बक्षीस म्हणून पुस्तके न्या. पुढे योहान हाइनरिख वोल्फ या लाइपझिगच्या व्यापाऱ्याने भांडवल घातले म्हणून गाडी चालू राहिली. (तत्त्वज्ञ वोल्फशी याचा संबंध नाही, नुसते आडनाव सारखे.) लुडोवित्सी आला तो या पडझडीनंतर लगेच. तुटायला आलेल्या कामावर नवा माणूस येतो आणि वेग कमी न होता वाढतो, हे मी माझ्या उमेदीच्या काळात कधी पाहिले नाही.

लिहिणारे कोण? कोशात लेखकांची नावे नाहीत. विद्येच्या नऊ देवता, म्हणजे नऊ संपादक, आपापल्या शास्त्राचे काम पाहतात, असे जाहिरातीत म्हटलेले असे. नोंदीखाली मात्र कोणाची सही नाही. आपल्याकडे मराठी विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचे नाव असते, आणि ते असावेच. ज्याने महिनाभर खपून ‘लोह’ किंवा ‘लेखणी’ लिहिली, त्याचे नाव कायमचे बुडावे, हे मला फार लागते. त्या दोन लाख चौऱ्याऐंशी हजार नोंदींमागची बहुतेक माणसे आज कोणालाच माहीत नाहीत.

प्रश्न : या कोशावर चोरीचे आरोप झाले होते असे वाचले. खरे आहे का? कायदा काय होता? (एक वकील, नाशिक)

आरोप झाले, आणि कोश निघायच्या आधीच झाले.

लेखकाचा हक्क सांगणारा कायदा तेव्हा जर्मनीत नव्हता. होती ती सनद. राजाने किंवा सम्राटाने एखाद्या प्रकाशकाला सनद दिली की त्या राज्यात तेवढ्या मुदतीत तेच पुस्तक दुसऱ्याने छापायचे नाही. जर्मनी तर शेकडो लहानमोठ्या राज्यांत विभागलेली. लाइपझिग सॅक्सनीच्या राज्यात, म्हणून सॅक्सनीची सनद सगळ्यात मोलाची, कारण जत्रा तिथे.

त्सेडलरने जाहिरात देताच लाइपझिगचे जुने प्रकाशक, ग्लेडिच आणि फ्रिच यांच्यासारखी मातबर घराणी, सॅक्सनीच्या राजधानीला, ड्रेस्डेनला, तक्रार घेऊन गेली. इतिहासाचा, तत्त्वज्ञानाचा कोश त्यांनी आधीच काढलेला. त्यांचे म्हणणे साधे होते : हा सर्वकोश आमच्या कोशांतून उतरवल्याशिवाय तयार होऊच शकत नाही. सॅक्सनीने सनद नाकारली, पहिल्या खंडावर जप्तीही आली. त्सेडलरने मग प्रशियाची आणि सम्राटाची सनद मिळवली आणि छपाई प्रशियाच्या हद्दीत, हालेला नेली. म्हणून मुखपृष्ठावर ‘हाले आणि लाइपझिग’ असे आहे. पहिल्या खंडाची प्रस्तावना हाले विद्यापीठाच्या योहान पेटर फॉन लुडेविग यांनी लिहिली. इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे : ही सनद देणारा प्रशियाचा राजा तोच, ज्याने वोल्फला अठ्ठेचाळीस तासांत हाकलले.

चोरी झाली का? झाली. तत्त्वज्ञानाच्या नोंदींत वाल्ख या लेखकाच्या तत्त्वज्ञानकोशातला मजकूर परिच्छेदच्या परिच्छेद उचलला आहे, हे अभ्यासकांनी ताडून दाखवले आहे. पुढे त्सेडलरवरही तीच पाळी आली. 1738च्या सुमारास होफच्या शुल्त्से नावाच्या मुद्रकाने याच कोशाचा सतरावा आणि अठरावा खंड स्वतः छापून बाजारात आणले.

तुम्ही वकील आहात, म्हणून माझे मत स्पष्ट सांगते. उचललेल्या मजकुराचे मी समर्थन करणार नाही. पण कोश कोऱ्या पाटीवर कोणीच लिहीत नाही. आधीच्यांच्या खांद्यावर उभे राहायचे, तर खांदा कोणाचा ते सांगायचे, हा या धंद्यातला खरा कायदा. आणि लुडोवित्सीच्या खंडांचा फरक इथेच दिसतो. त्याच्या काळात नोंदींच्या शेवटी ग्रंथांची यादी वाढत गेली, कोणत्या लेखकाने कोणत्या पुस्तकात काय म्हटले हे येऊ लागले. पुस्तिका गोळा करण्याची जुनी सवय इथे उपयोगी पडली. आज अठराव्या शतकाचे अभ्यासक हा कोश उघडतात ते बहुतेक वेळा या याद्यांसाठीच.

प्रश्न : इतका वोल्फभक्त माणूस सर्वकोशाचा संपादक झाला, तर कोश एकांगी झाला नाही का? (एक प्राध्यापिका, कोल्हापूर)

हाच प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. याचे उत्तर अठ्ठावन्नाव्या खंडात आहे.

हा खंड 1748 सालचा, ‘वोल्फ’ नावाच्या माणसांनी भरलेला. स्तंभ 549 ला क्रिस्टियान वोल्फची नोंद सुरू होते. स्तंभ 677 येतो तरी तीच चालू असते. एका माणसाचे चरित्र, चौसष्ट-पासष्ट फोलिओ पाने, आणि तो माणूस तेव्हा जिवंत, हालेला परत येऊन मानाने शिकवत असलेला. 1740 साली जुना राजा वारला, त्याचा मुलगा दुसरा फ्रीड्रिख गादीवर आला आणि त्याने वोल्फला सन्मानाने बोलावून घेतले होते. मग इतर वोल्फ येतात, लहान लहान नोंदी. आणि स्तंभ 883 ला ‘वोल्फचे तत्त्वज्ञान’ ही स्वतंत्र नोंद सुरू होते. ती संपते स्तंभ 1232 ला. साडेतीनशे स्तंभ. एका नोंदीला पावणेदोनशे पाने.

नोंदीखाली सही नाही. पण त्याआधी दहा वर्षे या विषयाचा इतिहास ज्याने खंडच्या खंड लिहिला होता, तोच माणूस संपादकाच्या खुर्चीत होता. अभ्यासक ही नोंद त्याचीच मानतात आणि मलाही शंका वाटत नाही.

कोशाच्या कचेरीत शब्दमर्यादा हा रोजचा तंटा असतो. विषयाच्या वजनाप्रमाणे नोंदीची लांबी, हा पहिला धडा. त्या धड्याप्रमाणे ही नोंद अक्षम्य आहे. अॅरिस्टॉटलला जे मिळाले नाही ते एका समकालीन प्राध्यापकाला मिळाले. माझ्या टेबलावर ती आली असती तर नियमाने मी ती वीस स्तंभांवर आणली असती.

आणि ते वाईट झाले असते. कारण त्या साडेतीनशे स्तंभांत काय आहे ते पाहा. वोल्फच्या शिकवणुकीचा सारांश आहेच, पण त्यापलीकडे सगळे भांडण आहे. कोणी कोणावर काय आरोप केला, कोणत्या विद्यापीठाने काय मत दिले, कोणती पुस्तिका कोणत्या साली निघाली, तिला उत्तर कोणी दिले. यातल्या कितीतरी पुस्तिका दोन-चार पानांच्या, हातोहात जाणाऱ्या, फाटून नाहीशा होणाऱ्या. एका माणसाला विचारासाठी फाशीची धमकी मिळाली आणि पंचवीस वर्षांनी त्या सगळ्या प्रकरणाचा पुरावा छापील, बांधील, अकारविल्हे, राजदरबारांतल्या ग्रंथालयांत जाऊन बसला. लुडोवित्सीने हे भाषण ठोकून केले नाही, नोंद लिहून केले. हे एकांगी आहे का? लांबी एकांगी आहे. आतला मजकूर मात्र विरोधकांनाही जागा देतो, त्यांची पुस्तके त्यांच्याच नावाने नोंदवतो. भक्ताने भांडारकोठी इतकी प्रामाणिक ठेवलेली मी फार कमी पाहिली आहे.

याला जोडूनच आणखी एक. जिवंत माणसांची चरित्रे या कोशात येतात, ही त्या काळी नवी गोष्ट होती. आधीच्या कोशकारांची रीत अशी की माणूस गेल्यावर नोंद. जिवंत माणूस रागावतो, खुशामत करतो, दडपण आणतो, हे खरेच आहे. तरीही ती जोखीम घेतली गेली. त्सेडलरची स्वतःची नोंदही एकसष्टाव्या खंडात आहे, तो हयात असतानाची. दोन वर्षांनी, 1751 मध्ये, तो वारला.

प्रश्न : या सगळ्यात आपण कुठे आहोत? लाइपझिगला तेव्हा मराठी कोणाला माहीत होती का? (एक वाचक, पणजी)

थोडी माहीत होती, आणि ती हालेमार्गे. तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडीला डॅनिश वसाहतीत हालेहून पाठवलेले मिशनरी 1706 पासून काम करत होते, आणि त्यांची पत्रे, अहवाल हालेच्या अनाथालयातून छापून निघत. जर्मन विद्वानांना दक्षिण हिंदुस्थानची ताजी माहिती मिळे ती तिथून. त्या मिशनऱ्यांपैकी बेंजामिन शुल्त्से परत गेल्यावर, 1748 साली, म्हणजे वोल्फचा तो जाडजूड खंड निघाला त्याच साली, लाइपझिगमध्येच जगातल्या लिप्यांचे आणि भाषांचे एक पुस्तक निघाले. संकलन योहान फ्रीड्रिख फ्रिट्स यांचे, प्रस्तावना शुल्त्सेची. त्यात शंभर लिप्या आणि दोनशे भाषांतली ख्रिस्ती प्रार्थना देण्याचा प्रयत्न आहे, आणि त्यांत मराठीचाही नमुना आहे. लुडोवित्सीच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर कोणीतरी आपली अक्षरे तांब्याच्या पत्र्यावर कोरत होते, ही कल्पना मला सुखावते.

प्रश्न : आमचे घराणे व्यापारातले. कुठेतरी वाचले की लुडोवित्सीला व्यापारशास्त्राचा जनक म्हणतात. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाचा व्यापाराशी काय संबंध? (एक वाचक, इचलकरंजी)

संबंध गावाचा. लाइपझिग जत्रेचे गाव, रस्त्यावर फर, कापड, पुस्तके, हुंड्या. अशा गावात वाढलेल्या माणसाला व्यापार बाहेरचा वाटत नाही. शिवाय बारा वर्षे सर्वकोश चालवताना मालाची नावे, वजने, मापे, नाणी रोज हाताखालून गेलेली.

कोशाच्या पुरवणीचे खंड 1751 पासून निघू लागले. चार निघाले, 1754 पर्यंत, आणि ‘सी’ अक्षराच्या सुरुवातीलाच, ‘काक’पाशी, काम थांबले ते कायमचे. पण याच वर्षांत लुडोवित्सीने दुसरे काम उभे केले होते : व्यापाऱ्यांचा कोश. पाच भाग, 1752 ते 1756, लाइपझिगलाच छापलेले. सावारी या फ्रेंच लेखकाचा व्यापारकोश त्याच्यापुढे होता आणि त्याने तो लपवला नाही. जर्मन व्यापाऱ्याला लागणारी माहिती मात्र त्याने नव्याने रचली.

पाचव्या भागाला जोडून त्याने व्यापारविद्येचा आराखडा दिला, आणि जनक म्हणतात ते त्यासाठी. त्याचे म्हणणे असे की व्यापार ही नुसती पेढीवर बसून उचलायची सवय नाही, तिला शास्त्रासारखी अंगे आहेत. मुख्य अंगे तीन. मालाचे ज्ञान : कोणता माल कुठे पिकतो, कसा ओळखायचा, कशाने नासतो. व्यवहाराचे ज्ञान : खरेदी, विक्री, वाहतूक, हुंडी. आणि जमाखर्च. त्यांच्याभोवती हिशेब, भूगोल, कायदा यांसारख्या सहायक विद्या. तुमच्या घरात मुनीम, दलाल आणि घरधनी यांच्यात जी कामे वाटलेली असतील, ती बहुतेक या तीन कप्प्यांत बसतील. आज वाणिज्य महाविद्यालयात जे विषय वेगळे शिकवतात त्यांची मुळातली मांडणी जर्मनीत इथवर नेता येते. अक्षरांच्या क्रमाने विखुरलेले ज्ञान आयुष्यभर मांडत आलेल्या माणसाने शेवटी ते पुन्हा जोडून दाखवले, आणि त्यासाठी विषय निवडला तो बाजाराचा. त्याच्या सगळ्या पुस्तकांत मला हा आराखडा सगळ्यात ताजा वाटतो.

प्रश्न : हा कोश प्रत्यक्ष पाहायचा असेल तर? मला जर्मन थोडे येते. (एक विद्यार्थी, मुंबई)

घरबसल्या पाहता येतो. म्युनिकच्या बव्हेरियन राज्य ग्रंथालयाने सगळे खंड, पुरवणीसह, पानन् पान छायाचित्रित करून सर्वांसाठी मोफत ठेवले आहेत, आणि शब्द घालून नोंद शोधण्याची सोयही आहे. अक्षर जुने, गॉथिक वळणाचे आहे. पहिले काही दिवस ‘एस’ आणि ‘एफ’ सारखेच दिसतील, मग डोळा सरावतो.

दोन सूचना. एक म्हणजे ‘आय’ आणि ‘जे’ इथे एकच अक्षर धरले आहे, आणि ‘यू’ व ‘व्ही’सुद्धा. विद्यापीठ हा शब्द ‘यू’खाली वेगळा शोधाल तर हाती लागणार नाही, तो ‘व्ही’च्या खंडांत मिसळलेला आहे. दुसरी म्हणजे आजचे शुद्धलेखन विसरा. ‘के’ने सुरू होणारा शब्द ‘सी’खाली असू शकतो, वोल्फच्या नावात एक ‘एफ’ आहे की दोन यावरही नोंद हुकते. सुरुवात एखाद्या लहान, रोजच्या वस्तूच्या नोंदीने करा, म्हणजे भाषेचा सराव होईल. वाचनाचा धीर आला की अठ्ठावन्नावा खंड काढा, स्तंभ 883.